भिंग काढले, पण कोणते?

मागे एका शिक्षक-मेळाव्यात, चहाच्या सुट्टीत, एक बाई आमच्याजवळ आल्या. त्या प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांची मुलगी एकोणीस वर्षांची. चष्म्याचा नंबर उणे ४, शिवाय सिलिंडरचा १. मुलीला चष्मा नको झाला आहे. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी एका नव्या शस्त्रक्रियेची माहिती दिली, आणि ती ऐकून बाई धास्तावल्या होत्या.

"लेसरनं डोळ्यातलं भिंग कापायचं आणि दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढायचं, असं म्हणाले. आता तुम्ही विज्ञानवाले, तुम्हीच सांगा, भिंगच काढलं तर पोरगी बघणार कशानं? तिच्या आजोबांचं मोतीबिंदूत भिंग काढलं, तर निदान दुसरं बसवलं तरी!"

प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही त्यांना एकच उलटप्रश्न केला, "गेल्या वर्षी नंबर किती होता?" "साडेतीन," त्या म्हणाल्या. या साडेतीनाकडे आपण शेवटी परत येऊ. आधी भिंगाचा घोळ सोडवू. त्यासाठी दहावीच्या पुस्तकातला डोळ्याचा धडाच पुन्हा उघडावा लागेल.

प्रकाश वळतो कुठे?

डोळ्यातला कोणता भाग प्रकाश एकत्र आणतो, असे वर्गात विचारले तर मुले एकमुखाने "भिंग" म्हणतात. आकृतीतही तेच ठळक काढलेले असते. पण विहिरीत पोहणाऱ्या मुलांना विचारा, पाण्याखाली डोळे उघडले तर काय दिसते? सगळे धूसर! भिंग तर जागच्या जागी आहे, मग बिघडले काय?

बिघडले ते डोळ्याच्या अगदी पुढच्या भागाचे, पारपटलाचे काम. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखे बसलेले हे पारदर्शक आवरण मध्यभागी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जाड असते. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.३७६ आणि हवेचा १. या मोठ्या फरकामुळे हवेतून येणारा किरण पारपटलावर चांगलाच वळतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. म्हणजे पाण्याखाली हा फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि पारपटल असून नसल्यासारखे होते.

डोळ्याची एकूण अभिसारी शक्ती साधारण ६० डायॉप्टर. त्यांतले ४३ च्या आसपास एकट्या पारपटलाचे. आतले भिंग उरलेली भर घालते आणि जवळचे-दूरचे पाहताना बारीक जुळवाजुळव करते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत हे आतले भिंग काढतात. बाईंच्या मुलीच्या बाबतीत त्याला कुणी हातही लावणार नव्हते. काढायची होती ती पारपटलाच्याच जाडीतून कोरलेली, भिंगाच्या आकाराची एक पातळ चकती. तीही आधीपासून तिथे नसते. लेसरने ती घडवतात आणि मग उचलून घेतात.

लांबलेला डोळा आणि दोन वक्रता

प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. निकटदृष्टितेत बहुधा तो अधिक लांब झालेला असतो. एका मिलिमीटरच्या वाढीने अडीच ते तीन डायॉप्टरचा नंबर लागतो. दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. नंबर उणे ४ असेल तर चष्म्याशिवाय एक भागिले ४, म्हणजे पाव मीटर अंतरापर्यंतचेच स्पष्ट दिसते. त्यापलीकडे फळा, बसची पाटी, ओळखीचा चेहरा, सारे पुसट.

सिलिंडरचा नंबर म्हणजे दृष्टिवैषम्य. पारपटलाची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसली की ते होते. चेंडू आणि अंडे शेजारी ठेवून मुलांना दाखवा. चेंडूवर कोणत्याही दिशेने बोट फिरवा, गोलाई तीच. अंड्याच्या कुशीवर मात्र लांबीच्या दिशेला गोलाई कमी आणि आडवी जास्त. आता चौकटीच्या वहीवर पाण्याने भरलेली गोल, पारदर्शक बाटली आडवी ठेवा. चौकोन एकाच दिशेने ताणलेले दिसतील. दोन दिशांना वेगवेगळी शक्ती असलेले भिंग प्रतिमेचे काय करते, याचा अंदाज यावरून येतो. अशा डोळ्याला एका दिशेच्या रेषा स्पष्ट आणि दुसऱ्या दिशेच्या पुसट दिसतात. म्हणून चष्म्याच्या कागदावर सिलिंडरच्या आकड्यापुढे अंशांत अक्षही लिहिलेला असतो.

गणित करून पाहू

डोळ्याची लांबी कमी करता येत नाही. मग पारपटलाची शक्तीच कमी केली तर? त्याची पुढची बाजू थोडी सपाट केली की किरण कमी वळतील आणि प्रतिमा मागे सरकून दृष्टिपटलावर येईल. अंतर्गोल भिंगाचा चष्मा हेच काम बाहेरून करतो.

सपाट करायचे म्हणजे किती? नववी-दहावीची मुले हे स्वतः काढू शकतील.

पारपटलाच्या पुढच्या पृष्ठभागाची वक्रता त्रिज्या ७.८ मिलिमीटर, म्हणजे ०.००७८ मीटर धरू. त्याची शक्ती = ०.३७६ ÷ ०.००७८ = ४८.२ डायॉप्टर. (पारपटलाची मागची बाजू यातले पाच-सहा डायॉप्टर कमी करते, म्हणून वर ४३ म्हटले.) आता त्रिज्या ८.५ मिलिमीटर केली तर शक्ती = ०.३७६ ÷ ०.००८५ = ४४.२ डायॉप्टर. बरोबर ४ डायॉप्टर कमी झाले.

मधल्या ६ मिलिमीटर व्यासाच्या भागात हा बदल करायचा आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने दोन्ही वक्रांची मधली उंची काढू. पहिली : ७.८ − √(७.८² − ३²) = ७.८ − ७.२ = ०.६०० मिलिमीटर. दुसरी : ८.५ − √(८.५² − ३²) = ८.५ − ७.९५३ = ०.५४७ मिलिमीटर. फरक ०.०५३ मिलिमीटर, म्हणजे ५३ मायक्रॉन.

ऑफिसात वापरतात त्या कोऱ्या कागदांची शंभराची गड्डी साधारण एक सेंटिमीटर जाड भरते. म्हणजे एक कागद १०० मायक्रॉनचा. चार नंबरचा चष्मा घालवायला पारपटलाच्या मध्यातून फक्त अर्ध्या कागदाच्या जाडीइतका भाग काढायचा! कडेकडे तो पातळ होत जाणार, म्हणून त्याचा आकार आपोआपच भिंगासारखा होतो. सिलिंडरचा नंबरही असेल तर ज्या दिशेला वक्रता जास्त, त्या दिशेला थोडा अधिक भाग काढायचा.

गणित सोपे आहे. अर्ध्या कागदाइतकी चकती जिवंत डोळ्यातून, पारदर्शकपणाला धक्का न लावता काढायची कशी, हा खरा प्रश्न.

येथवरची वाट

या वाटेवर आधी बऱ्याच ठेचा लागल्या आहेत. जपानमध्ये त्सुतोमु सातो यांनी पारपटलावर आतल्या बाजूनेही चिरा देऊन ते सपाट करण्याचा मार्ग काढला. सुरुवातीला परिणाम चांगले दिसले. पण पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि तोच पाणी बाहेर उपसून पारपटल स्वच्छ ठेवतो, हे तेव्हा नीट कळलेले नव्हते. या पेशी नष्ट झाल्या तर पुन्हा पुरेशा तयार होत नाहीत. सुमारे वीस वर्षांनी अनेक रुग्णांची पारपटले सुजून धुरकट झाली.

पुढे मॉस्कोचे स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी १९७० नंतर बाहेरच्या बाजूने, चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देण्याची पद्धत लोकप्रिय केली. अमेरिकेत या पद्धतीचा दहा वर्षे पाठपुरावा केला गेला. त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ४३ टक्के डोळ्यांत नंबर उलट्या दिशेला, म्हणजे अधिककडे, एक डायॉप्टर किंवा त्याहून जास्त सरकला होता. डोळ्याच्या शस्त्रक्रियेची परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या दृष्टीवर संपत नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

चीर देण्याऐवजी भाग काढून घेण्याची कल्पना होझे बाराकेर या नेत्रतज्ज्ञांची. १९४९ मध्ये त्यांनी ती मांडली आणि पुढे कोलंबियातल्या बोगोटा शहरात ती प्रत्यक्षात आणली. ते पारपटलाचा वरचा काप काढून गोठवत, लेथवर घासून त्याला आकार देत आणि पुन्हा डोळ्यावर शिवत. कल्पना योग्य होती, हत्यार मात्र फार ओबडधोबड.

योग्य हत्यार मिळाले ते प्रकाशाचेच. न्यूयॉर्कजवळच्या आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन काम करत होते. त्यांचा जन्म आणि शिक्षण मद्रासचे. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी त्यांनी आदल्या दिवशीच्या सणाच्या जेवणातले उरलेले टर्कीचे मांस प्रयोगशाळेत आणले आणि त्यावर एक्सायमर लेसरचा १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील झोत सोडला. स्वच्छ खाच पडली, पण आजूबाजूला करपल्याची खूण नाही. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीव्हन ट्रोकेल यांनी १९८३ मध्ये श्रीनिवासन यांच्यासह हा लेसर पारपटलासाठी वापरता येईल असे दाखवले. सुताराच्या रंध्यासारखा हा लेसर पृष्ठभागावरून एकेक पापुद्रा काढतो, एका स्पंदात पाव मायक्रॉनच्या आसपास.

रंधा पृष्ठभागावरच चालतो. त्यामुळे आतल्या थरापर्यंत पोचायला वरचे आवरण बाजूला करावे लागते. लॅसिक पद्धतीत पारपटलाचा वरचा पातळ थर जवळजवळ गोलाकार कापून, एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवून, पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खाली लेसर चालवतात आणि पान परत मिटतात. ही पद्धत १९९० च्या आसपास ग्रीस आणि इटलीत सुरू झाली आणि जगभर पसरली. आजही ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. पण या पानाची कड सुमारे २० मिलिमीटर लांब असते. वरच्या थरातले बरेच चेतातंतू तिथे कापले जातात आणि डोळ्याला जोराचा मार लागल्यास पान सरकण्याची शक्यता उरते.

न उघडता आत कापणारा प्रकाश

दुसऱ्या हत्याराचा शोध एका अपघातातून पुढे गेला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात एका संशोधक विद्यार्थ्याच्या डोळ्यात अतिशय अल्पकाळ चमकणाऱ्या लेसरचा झोत चुकून गेला. त्याला तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांना, रॉन कर्ट्झ यांना, दृष्टिपटलावरची जखम आश्चर्यकारक इतकी छोटी आणि रेखीव दिसली. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ तिबोर युहास यांच्याबरोबर या फेम्टोसेकंद लेसरचा डोळ्यासाठी उपयोग शोधायला सुरुवात केली. असे स्पंद शक्तिशाली करण्याचा मार्ग जेरार मूरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये शोधला होता. त्यासाठी त्यांना २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. तोच ३०० फेम्टोसेकंदांत फक्त ९० मायक्रॉन जातो, कागदाची जाडीही पुरती ओलांडत नाही! स्पंदाची ऊर्जा अगदी थोडी, पण ती इतक्या कमी वेळात आणि इतक्या छोट्या बिंदूवर येते, की तिथल्या ऊतीचे रेणू फुटतात आणि एक सूक्ष्म बुडबुडा तयार होतो. बहिर्गोल भिंगाने ऊन एकत्र करून आपण कागद जाळतो, तेव्हा भिंग आणि कागद यांमधल्या हवेला काही होत नाही. इथेही तसेच आहे. हा लेसर सुमारे १०४३ नॅनोमीटरचा, अवरक्त. पारपटल त्याला पारदर्शक असते. म्हणून वरच्या थरातून तो निमूट जातो आणि जिथे नाभी साधली तिथेच काम करतो. असे लाखो बुडबुडे काही मायक्रॉनांच्या अंतराने शेजारीशेजारी मांडले, की पोस्टाच्या तिकिटांभोवतीच्या भोकांच्या ओळीसारखी फाडता येण्याजोगी पातळी तयार होते.

यावरूनच जर्मनीतल्या वाल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लूम यांनी नवी पद्धत उभी केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'स्माईल' म्हणतात. अर्थ सरळ आहे : लहान छेदातून भिंगाकार चकती काढणे. तिचे सुरुवातीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत जर्मन गटाबरोबरच वडोदऱ्याच्या डॉ. रूपल शाह आणि सहकाऱ्यांचाही निबंध होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तिला निकटदृष्टितेसाठी आणि २०१८ मध्ये सोबतच्या दृष्टिवैषम्यासाठी मान्यता दिली.

प्रत्यक्षात काय करतात?

डोळ्यात थेंब टाकून तो बधिर करतात. इंजेक्शन नाही, भूलही नाही. यंत्राची वक्र काच डोळ्याला टेकवून हलक्या शोषणाने डोळा स्थिर धरतात. रुग्णाने एका दिव्याकडे पाहत राहायचे. लेसर आधी चकतीची खालची बाजू कापतो, मग वरची. क्रम उलटा केला तर वरचे बुडबुडे खाली जाणाऱ्या प्रकाशाच्या आड येतील. शेवटी कडेला दोन ते चार मिलिमीटरचा छेद. लेसरचे काम अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर होते. मग शल्यविशारद त्या छेदातून बोथट हत्यार घालून चकती वरून-खालून मोकळी करतात आणि चिमट्याने बाहेर घेतात. टाका घालावा लागत नाही. चकती काढताना फाटू नये म्हणून तिची कड १०-१५ मायक्रॉन जाड ठेवलेली असते. म्हणजे बाईंच्या मुलीच्या नंबरासाठी एकूण जाडी सत्तरच्या घरात गेली असती.

सिलिंडरचा नंबर असेल तेव्हा एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. बसलेला माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत किंचित फिरतो. अक्ष १० अंशांनी चुकला तर सिलिंडरच्या दुरुस्तीतला सुमारे एक तृतीयांश फायदा जातो. ३० अंशांनी चुकला तर सगळाच जातो. म्हणून रुग्ण बसलेला असतानाच डोळ्यावर खूण करून घेतात किंवा यंत्राच्या साहाय्याने हा फरक भरून काढतात.

काय मिळते, काय तसेच राहते?

छेद लहान असल्याने कमी चेतातंतू कापले जातात. त्यामुळे नंतरचा डोळ्यांचा कोरडेपणा लॅसिकपेक्षा कमी राहतो. पान नाही, म्हणून ते सरकण्याची भीती नाही. अंतिम दृष्टी दोन्ही पद्धतींत साधारण सारखीच मिळते. पहिल्या काही दिवसांत मात्र लॅसिकनंतर अधिक लवकर स्वच्छ दिसते. थोडा नंबर उरलाच तर स्माईलनंतर दुरुस्तीचे काम अधिक अवघड. रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे, कोरडेपणा, जंतुसंसर्ग हे धोके कमी असले तरी शून्य नाहीत.

सर्वांत मोठा धोका पारपटल आधीच कमजोर असण्याचा. त्यातून भाग काढला तर ते पुढे फुगत जाऊ शकते आणि असे प्रकार स्माईलनंतरही नोंदले गेले आहेत. पारपटल शंकूसारखे पुढे येण्याचा विकार आपल्याकडे दुर्मीळ नाही. नागपूरजवळच्या ग्रामीण भागातल्या तीस वर्षांवरील लोकांच्या पाहणीत (२००९) केवळ वक्रतेच्या मापावरून २.३ टक्के लोकांत तो आढळला. म्हणून पारपटलाचा नकाशा आणि जाडी तपासल्याशिवाय होकार देऊ नये. जाडी ५४० मायक्रॉन, वरचे आच्छादन १२०, चकती ७०. खाली ३५० उरले. किमान २५० तरी उरायला हवेत, असा जुना संकेत आहे. अनेक तज्ज्ञ त्याहून जास्तच ठेवतात. नंबर मोठा आणि पारपटल पातळ असेल, तर हे गणितच नकार देते.

आणि मुख्य गोष्ट, चष्मा जातो पण लांबलेला डोळा तसाच राहतो. ताणलेले दृष्टिपटल सुटण्याचा धोका, काचबिंदूची अधिक शक्यता, हे सारे पूर्वीइतकेच. म्हणून दृष्टिपटलाची तपासणी चष्मा गेल्यावरही चालू ठेवावी लागते. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतोच; उलट उणे नंबरवाल्यांना चष्मा काढून वाचायची जी सोय असते, ती जाते. आणखी एक सूचना : शस्त्रक्रियेपूर्वीची मापे जन्मभर जपून ठेवावीत. पारपटल पातळ झाल्यावर डोळ्याचा दाब प्रत्यक्षाहून कमी मोजला जातो आणि पुढे मोतीबिंदू झाला, तर नव्या भिंगाची शक्ती ठरवतानाही जुने आकडे उपयोगी पडतात.

शाळेत आपण काय करावे?

ही शस्त्रक्रिया शाळकरी मुलांसाठी नाही. अठरा वर्षे पूर्ण हवीत आणि नंबर किमान वर्षभर स्थिर हवा. अमेरिकेत तर वयाची अट २२ वर्षांची आहे. पण चष्म्याची गोष्ट शाळेतच सुरू होते. फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारे, डोळे बारीक करणारे मूल आपल्याच वर्गात असते. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून त्याला फळा पाहायला सांगा. अक्षरे स्पष्ट झाली तर बहुधा नंबरचा प्रश्न आहे. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास वर्गाबाहेर दिला. तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. लांबलेला डोळा लेसरला आखूड करता येत नाही, पण तो लांबण्याला मैदानावरचा उजेड थोडा तरी आवर घालतो. खेळाचा तास गणिताला देण्यापूर्वी हे आकडे आठवावेत.

आता ते साडेतीन. एका वर्षात साडेतीनाचा चार झाला, म्हणजे डोळा अजून वाढतो आहे. आज अर्धा कागद काढून चष्मा घालवला तरी उद्या नवा नंबर लागेल. काढलेला कागद काही परत बसवता येणार नाही. बाईंनी आमचे गणित कागदावर उतरवून घेतले आणि घरी मुलीपुढे ठेवले. निर्णय मुलीने केला. शस्त्रक्रियेचा विचार तिने सोडलेला नाही, पण पुढचे दोन जून नंबर तपासून मगच ठरवणार आहे. तिच्या मागच्या तिन्ही नंबरांच्या चिठ्ठ्या बाईंनी आता एका वेगळ्या पाकिटात ठेवल्या आहेत.